वेशीच्या आतलं गाव

निशिकांतने टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली आणि तो चहाच्या स्टॉलसमोर रांगेत जाऊन उभा राहिला. सिंगापुरातल्या न्यूटनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या त्या मोठ्या मांडवात, शनिवारी दुपारी फारशी गर्दी नसते, तरी पंख्याखालचं टेबल मिळालं तर सोडू नये. सुचित्राला उकाडा सोसत नसे. नंबर आला तेव्हा त्याच्या तोंडून सवयीने दोन गोड चहा निघून गेले. ती अजून साखर घेते की सोडली, हे त्याला माहीत नव्हतं.

वुडलँड्सहून तो एमआरटीच्या मेट्रोने सरळ आला होता. सुचित्रा बुकित तिमाहहून येणार होती. दोघांना सारखी पडेल अशी जागा त्यांच्या मुलीने, मैत्रेयीने शोधून काढली होती. गेली दहा वर्षं ती हेच करत आली होती. तिची दिवाळी दोनदा व्हायची, वाढदिवस दोनदा व्हायचा, आणि आजारी पडली की दोन घरांतून मऊ भात यायचा. या खेपेला मात्र तिने दोघांनाही बजावलं होतं की एकत्र या.

निमित्त यॉर्कचं होतं. कंपनीच्या कामासाठी ती पुढच्या आठवड्यात लंडनला चालली होती, आणि शनिवार-रविवार जोडून वरुणबरोबर यॉर्कला जाणार होती. वरुणशी तिचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. यॉर्क तिचं जन्मगाव. पण आईबाबा तिला घेऊन तिथून निघाले तेव्हा तिला धड चालताही येत नव्हतं. काय पाहू, कुठून सुरुवात करू, असं तिने आईला विचारलं, बाबालाही विचारलं, आणि दोघांची उत्तरं जुळेनात. आई म्हणे भिंतीवर सकाळी जा. बाबा म्हणे संध्याकाळीच जा. शेवटी वैतागून तिने लिहिलं होतं, तुम्ही आधी आपसात ठरवा, मग मला सांगा.

तो चहा घेऊन वळला तेव्हा दोघी टेबलाशी आलेल्या होत्या. सुचित्राने केस आखूड केले होते. पाडव्याला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्याने तिला लांबून पाहिलं होतं, तेव्हा ते खांद्यापर्यंत होते.

"कधी आलास?" तिने विचारलं.

"आत्ताच."

तिने चहाचा घोट घेतला, क्षणभर थांबली, आणि दुसरा घोट घेतला. साखर सोडली होती तर.

मैत्रेयीने कुठल्याशा स्टॉलवरून तळलेल्या गाजराच्या केकची, म्हणजे नाव गाजराचं पण केक मुळ्याचा, बशी आणली आणि फोन उघडून समोर ठेवला. "ओके, स्टार्ट. पण स्लोली लाह, मला टाइप करायचंय."

सुरुवात निशिकांतने केली. स्टेशनातून बाहेर पडल्यावर टॅक्सी करायची नाही, तो म्हणाला, कारण गावाची जुनी भिंत समोरच उभी असते. पायऱ्या चढून वर जायचं आणि भिंतीवरूनच चालायला लागायचं. दोन्ही उतारांवर गवत, आणि समोर मिन्स्टर, म्हणजे तिथलं मोठं चर्च. गावाची पहिली ओळख अशी वरून व्हायला हवी. आणि एक लक्षात ठेवायचं, तिथे रस्त्याला गेट म्हणतात आणि वेशीला बार. तेव्हा बार लिहिलेलं दिसलं म्हणून वरुणला आत शिरू द्यायचं नाही.

मैत्रेयी हसली. सुचित्राच्या ओठांचा कोपराही किंचित हलला. हा विनोद तिने यापूर्वी शंभरदा ऐकला असेल.

बोलता बोलता त्याने दोन चॉपस्टिक्स टेबलावर आडव्या ठेवल्या. ही नदी. आपला चहाचा कप त्याने मिन्स्टर म्हणून वरच्या अंगाला नेऊन ठेवला, आणि त्याच्या पलीकडे टिश्यूचं पाकीट, म्हणजे आपलं घर. बूथम बारच्या बाहेर, विटांच्या चाळवजा घरांच्या ओळीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या.

सुचित्राने हात पुढे केला आणि पाकीट कपाच्या जवळ सरकवलं. "इतकं लांब नव्हतं. खिडकीतून मनोरे दिसायचे."

"थंडीत लांब वाटायचं," तो म्हणाला.

मग तीही सांगू लागली. शॅम्बल्स नावाची बोळवजा गल्ली आहे, वरचे मजले पुढे झुकून एकमेकांना टेकतात की काय असं वाटतं, तिथे दुकानं उघडायच्या आधी जायचं. नंतर नुसती डोकी दिसतात. टाचेच्या चपला न्यायच्या नाहीत, दगडांच्या फटीत अडकतात. जून असला तरी स्वेटर हवाच. मिन्स्टर तिकीट काढून बघाच, पण संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका. तिला तिकीट नाही. गाणाऱ्या मुलांचे आवाज वर छताला जाऊन परत खाली येतात, तेव्हा नुसतं बसून राहायचं. अॅबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, पडक्या भिंतींपाशी बाग आहे, तिथे पाव आणि चीज घेऊन गवतावर जेवायचं. नदीकाठच्या हंसांना मात्र काही खायला घालायचं नाही, ते पाठ सोडत नाहीत.

रेल्वेच्या संग्रहालयावरून दोघांचं थोडं वाजलं. निशिकांतच्या मते ते पाहिल्याशिवाय परतण्यात अर्थ नव्हता. सुचित्रा म्हणाली, इंजिनं बघायला अर्धा दिवस घालवायचा असेल तर वरुणला एकट्याला पाठव आणि तू बागेत बस. मैत्रेयी दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि टाइप करायची थांबली होती.

"आणि भिंतीवर कधी जायचं? मॉर्निंग की ईव्हनिंग? तेच तर सांगत नाही तुम्ही."

उत्तर सोपं होतं. निशिकांत तिथे एका विमा कंपनीत हिशेबाच्या खात्यात दोन वर्षांच्या करारावर होता. दिवसभर तो खाली मान घालून आकडे लिही, आणि सुटल्यावर घरी जाताना भिंतीवरून जाई. उन्हाळ्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्या लांबलेल्या उजेडात दगड मधासारखे दिसत. सुचित्रा दिवसभर घरी. तो कामावर गेला की ती जुन्या साडीची झोळी करून मैत्रेयीला छातीशी बांधी आणि भिंतीवर जाऊन चालत राही. त्या वेळी वर तिच्याशिवाय कोणी नसे. एका गावात दोघं राहत होते, पण तिचं गाव सकाळचं होतं आणि त्याचं संध्याकाळचं. रविवारी तेवढी दोन्ही एक होत.

पुढे सिंगापूर आलं. तिला रॅफल्स प्लेसला बँकेत नोकरी मिळाली, ती चढत गेली. त्याची दोनदा सुटली. भांडून वेगळे झाले असते तर निदान लोकांना सांगायला काही असतं. तसं काहीच घडलं नाही. बोलणं कमी होत गेलं, एवढंच, आणि मैत्रेयी युनिव्हर्सिटीत गेल्यावर एके दिवशी दोघांच्याही लक्षात आलं की आता घरात बोलायला कारणच उरलेलं नाही.

"दोन्ही वेळा जा," निशिकांत अखेर म्हणाला. "आणि संध्याकाळी परतताना पुलावर थांबा. चॉकलेटचा वास येतो. कारखाने आहेत ना तिथे. सगळ्या गावावर तो वास असतो. तुझ्या आईला तर..."

"संध्याकाळी नाही येत आता," सुचित्रा म्हणाली. ती कपातल्या चहाकडे बघत होती. "दक्षिणेकडचा कारखाना बंद झाला. उत्तरेचा वारा असला तर सकाळी येतो, तोही पुसट. पूर्वीसारखा कोकोचा नाही. बिस्किट भाजल्यासारखा येतो."

मैत्रेयीने मान खाली घालून ते टाइप केलं.

निशिकांतने चॉपस्टिक उचलली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली. कारखाना बंद झाल्याचं कुठेही वाचायला मिळतं. तिकिटांचे दर मिळतात, घराचं दारसुद्धा फोनवर दिसतं. त्याने स्वतःच किती वेळा ते रात्री उघडून पाहिलं होतं. पण वारा कुठून आला म्हणजे वास कसा येतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्याने सुचित्राकडे पाहिलं. ती बशीतला केकचा तुकडा काट्याने दोन भागांत तोडत होती आणि खात नव्हती.

यानंतर त्याच्याकडचं सांगणं आटलं. तो हो, नाही, बरोबर, एवढंच म्हणत राहिला. जुन्या किल्ल्याच्या क्लिफर्ड्स टॉवरला जा असं तिने सुचवलं, परतीच्या गाडीच्या जागा आधी धरून ठेवायला सांगितलं, आणि त्याने प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

मैत्रेयीने फोन पालथा ठेवला. वरुण बाहेर गाडीत थांबला होता, दोघांना लग्नाचा हॉल बघायला जायचं होतं. तरी ती उठली नाही.

"एक विचारू? दोघांना," ती म्हणाली. "मला आठवतंय तेव्हापासून तुम्ही दोघं... यू नो. घरात सगळं ओके असायचं, पण कोणी हसायचं नाही. म्हणून मला ती जागा बघायचीय जिथे तसं नव्हतं. लग्नाच्या आधी बघायचीय. होती ना तशी?"

हॉकर सेंटरच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी कढईत काही परतत होतं, त्याचा खणखणाट येत होता. निशिकांतला वाटलं, सुचित्रा बोलेल. तिला कदाचित वाटलं असेल की तो बोलेल.

"होती," शेवटी तोच म्हणाला.

मैत्रेयीने आईकडे पाहिलं. सुचित्राने तिच्या खांद्यावरून घसरलेला पिशवीचा बंद वर सरकवला आणि म्हणाली, "वरुण ताटकळला असेल. जा."

ती गेल्यावर दोघंच उरले. निशिकांतला खरं तर निघायला हरकत नव्हती. एमआरटी दोन मिनिटांवर होती. सुचित्राही पर्स मांडीवर घेऊन बसली होती, पण उठत नव्हती.

"कधी गेली होतीस?" त्याने विचारलं.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. गेल्याच्या गेल्या वर्षी, ती म्हणाली, जूनमध्येच. बँकेचं एक प्रशिक्षण होतं लंडनला. ते संपलं, बाकीचे परतले. तिने रजा वाढवून घेतली आणि उत्तरेची गाडी पकडली. मैत्रेयीला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. स्टेशनसमोरच्या एका साध्या हॉटेलात राहिली. पहिल्या दिवशी पाऊस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीवर गेली, आणि मग बूथम बार ओलांडून घरापाशीही गेली. दार आता राखाडी आहे. वरच्या खिडकीत एक चिनी मुलगी ओले मोजे वाळत घालत होती. तिने खाली बघून हात हलवला, तेव्हा हिनेही हलवला. मग काय करायचं ते सुचेना, म्हणून बागेत जाऊन बसली. रविवार होता.

हे सगळं तिने एखाद्या तिऱ्हाईताची हकिगत सांगावी तसं सांगितलं. मध्ये फक्त एकदा तो म्हणाला, "एकटीच?"

"एकटीच."

पंख्याच्या वाऱ्याने टिश्यूच्या पाकिटाचं टोक फडफडत होतं. त्यावर त्याने बोट ठेवलं.

"कशाला गेलीस?"

तिने कप हातात घेतला, तो रिकामा होता. एवढा गोड चहा तिने संपवला होता.

"बघायचं होतं," ती म्हणाली. "आपण तिथे बरे होतो ना. ते गावामुळे की..." पुढचं तिने सोडून दिलं.

"मग?"

तिने दोन्ही कप ट्रेमध्ये ठेवले, बशी ठेवली, काटे आडवे ठेवले. ट्रे नेऊन ठेवायच्या रॅककडे बघत ती उभी राहिली. तिथे एक म्हातारा तमिळ गृहस्थ आपला ट्रे सरळ करत होता.

"गाव छान आहे," ती म्हणाली. "पण दोन दिवस पुरतात."

आणि ट्रे उचलून ती चालू लागली. निशिकांत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावर राहिलेल्या चॉपस्टिक्स गोळा केल्या आणि तो तिच्यामागे गेला.