न कापलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुना हिरवा फळा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. आणि लपवून तरी काय करू, स्वभावाने मी पक्का जळकुटा आहे. कुणाचं जरा कौतुक झालं की माझ्या पोटात दुखायला लागतं. माझी सगळी कहाणी याच दुखण्याची आहे, तेव्हा ऐकायची तर तशीच ऐका.

नागासाकीच्या एका कारखान्यात जाड फळीवर हिरव्या रंगाचे चार हात देऊन मला बनवलं. तिथून बोटीने या बेटावर आणलं आणि इथल्या एकुलत्या एक शाळेत टांगलं. तेव्हा मी अख्खा होतो, भिंतभर लांब. वर्षानुवर्षं माझ्यावर गणितं झाली, भरती-ओहोटीच्या वेळा झाल्या. पण माझ्या लक्षात राहिली ती एकच मुलगी. बदली होऊन आलेल्या मास्तरांची तोवाको.

मधल्या सुट्टीत सगळी पोरं समुद्रावर पळायची आणि ही माझ्यासमोर उभी राहून खडूने चित्रं काढायची. डावखुरी होती. काढलेलं स्वतःच्याच बाहीने पुसायची आणि पुन्हा काढायची. तिचे सीगल पक्षी नेहमी एक पाय उचललेले असायचे. का, ते तिलाच ठाऊक. सुट्टी संपली की फळा पुसायची पाळी असलेलं पोर येऊन ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायचं. त्या फडक्याचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू! तीन वर्षांनी मास्तरांची पुन्हा बदली झाली आणि तोवाको गेली. जाताना तिने वह्या नेल्या, रंग नेले. मला कोण नेणार?

पुढे पोरंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. मी दारातून बाहेर निघेना, तेव्हा सुताराने मला मधोमध कापलं. माझा दुसरा अर्धा भाग धक्क्यावरच्या मासळी लिलावात गेला. तिथे रोज सकाळी त्याच्यावर माकुळाचे भाव लिहितात आणि चाळीस माणसं माना उंच करून त्याच्याकडे बघतात. वास मारतो मेला, पण बघतात ना! आणि मी आलो शिगेनोताईंच्या केशकर्तनालयात, आरसा आणि टॉवेल गरम करायची पेटी यांच्यामध्ये.

शिगेनोताई म्हणजे साठीची, बुटकी, तोंडाने फटकळ आणि हाताने अतिशय हलकी बाई. अख्ख्या बेटाची डोकी तिच्या हातात. तिला एकच व्यसन, चित्रकथांचं साप्ताहिक. टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड, खरखरीत कागदाचं, त्यात एकोणीस-वीस मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, चालू असतात आणि प्रत्येकीचा दर आठवड्याला एक भाग येतो. तोक्योत ते सोमवारी मिळतं. आमच्याकडे बुधवारच्या बोटीने येतं. ताई एक अंक घेते आणि तोच अंक अख्खं बेट तिच्या दुकानात बसून वाचतं. आपला नंबर येईपर्यंत वाचायचं, अर्धवट राहिलं तर उद्या दाढीला यायचं.

एका बुधवारी तिने दुपारच्या जेवणात भाताचा गोळा खाता खाता अंक वाचला, हात पुसले, खडू उचलला आणि माझ्यावर लिहिलं, "तलवारवाल्याची गोष्ट: सात पानं नुसती धावपळ. पोहोचला कुठेच नाही. पाचपैकी एक कात्री." आणि खाली एक छोटीशी कात्री काढली.

त्या दिवशी माझं नशीब उघडलं. दर बुधवारी ताजे भाग वाचून ताई माझ्यावर आपलं मत लिहू लागली. पुढे काय झालं ते कधीच फोडायचं नाही, हा तिचा नियम. पण टोमणे असे मारायची की लोक केस वाढले नसले तरी यायचे. माकुळाच्या होडीवर जन्म घालवलेले गेनझोकाका तर दारातूनच ओरडायचे, "शिगेनो, आज कुणाची हजामत केलीस?"

"वाचा की. चष्मा कशाला दिलाय देवाने?"

"एकच कात्री? अगं, त्या शेफवाल्या गोष्टीला एकच? तुला चव नाही!"

"तुम्ही गेली तीस वर्षं एकच भांग पाडताय. तुम्ही मला चव शिकवू नका."

सगळे हसायचे आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर असायचे. आता लिलावातल्या त्या अर्ध्याची मला पर्वा नव्हती.

मग दोन वर्षांपूर्वी एक नवी गोष्ट सुरू झाली, 'राक्षसाची होडी'. समुद्रातला एक राक्षस एका सुतारकाम करणाऱ्या पोरीकडे येतो आणि म्हणतो, मला बुडायची भीती वाटते, माझ्या मापाची होडी करून दे. बस, एवढंच. बाकीच्या गोष्टींत डोकी फुटत होती आणि इथे आठवड्याला एक फळी बसत होती. ताईने लिहिलं, "राक्षस रडतो ते पान दाढी झाल्यावरच बघा. म्हणजे रडलात तर साबण डोळ्यांत गेला म्हणायची सोय राहणार नाही. पाच कात्र्या." पाच कात्र्या तिने त्याआधी कुणालाच दिल्या नव्हत्या. मी जळलो, हे वेगळं सांगायला नको.

त्याच दिवशी लिहून झाल्यावर तिने एका चौकटीतला पक्षी माझ्या कोपऱ्यात उतरवून बघितला. सीगल, एक पाय उचललेला.

साप्ताहिकावर कुण्या पुरुषाचं टोपणनाव होतं, पण फळ्याला रेघ ओळखता येते, मित्रांनो. ही माझी तोवाको होती! आणि तिची चित्रं आता त्या खरखरीत कागदावर होती. तिथे फडकं घेऊन कुणी येत नव्हतं. ताई अंक वाचून झाला की त्याची पाठ पुसून शेल्फात ओळीने लावून ठेवायची. माझं लिहिलेलं बुधवारी पुसलं जायचं आणि तो कागद तिथे राजासारखा बसायचा. मी काही बोलू शकत नव्हतो. आणि खरं सांगू? बोलता आलं असतं तरी बोललो नसतो. ती माझी आहे हे गुपित माझ्याकडेच राहू दे, असं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात ताईच्या बहिणीची मुलगी नात्सुहो बेटावर राहायला आली. बोटीच्या तिकीट खिडकीवर काम करायची. तिला साप्ताहिक सोमवारीच मोबाइलवर मिळायचं. ती लगेच मोबाइलसमोर बसून ताज्या भागांवर बोलायची आणि ते जगभर जायचं. महिन्याभरात गेनझोकाका खुर्चीत बसून तो टीचभर काचेचा तुकडा डोळ्यांसमोर धरू लागले.

"काका, मान सरळ. कान कापला जाईल," ताई म्हणाली.

"थांब गं, नात्सुहो राक्षसाबद्दल सांगतेय."

"मी बुधवारी लिहिणारच आहे की."

"बुधवारपर्यंत शिळं होतं ते."

शिळं! ताईने त्यांचा कान सांभाळत कात्री चालवली. पण त्या बुधवारी तिने खडू उचललाच नाही. पुढच्या आठवड्यात माझ्यावर लिहिलं, "छत्र्या विसरू नका." मित्रांनो, पाच कात्र्या मिरवणाऱ्या फळ्यावर छत्र्या! मी त्या काचेला मनातल्या मनात इतके शाप दिले की ती दर दोन दिवसांनी जमिनीवर पडायला हवी होती. एकदा पडलीही. तडासुद्धा गेला नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी नात्सुहो धावतच दुकानात शिरली. गेनझोकाकांच्या तोंडाला साबण होता.

"मावशी, राक्षसाची होडी शेवटच्या नंबरवर गेली! सगळ्यात मागे!"

ताईचा वस्तरा थांबला. साप्ताहिकात लोकांना आवडणाऱ्या गोष्टी पुढे छापतात. मागे मागे सरकत गेलेली गोष्ट एक दिवस बंद होते, हे ते वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

"असं कसं? अख्खं बेट वाचतं ती," काका साबणातून म्हणाले.

"वाचून काय उपयोग, काका? अंकात कार्ड असतं ना, आवडत्या तीन गोष्टींचे नंबर लिहून पाठवायचं? त्यावर ठरतं सगळं. मावशी, तू कार्डं पाठवतेस ना?"

ताईने शेल्फाकडे पाहिलं. नात्सुहोने शेल्फातला एक अंक काढला आणि उघडला. कार्ड जागच्या जागी. दुसरा काढला, त्यातही होतं. तिसऱ्यात, दहाव्यात, तिसाव्यात, सगळ्या अंकांत कार्ड जसंच्या तसं, कोरं.

"कापलं की पान तुटतं," ताई हळूच म्हणाली. "अंक विद्रूप दिसतो. मी... जपून ठेवत होते."

"आणि बेटावर अंक किती येतात?"

"एकच. माझा."

काकांनी हाताने तोंडावरचा साबण पुसला. "मी एकदा धक्क्यावरच्या दुकानात माझा अंक मागवायला निघालो होतो," ते म्हणाले. "मग म्हटलं कशाला, शिगेनोकडे फुकट वाचता येतो. वर फळ्यावर काय वाचायचं तेही कळतं."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं लोक माझ्यासमोर गर्दी करत होते आणि मी फुगत होतो. आमच्या दुकानात 'राक्षसाची होडी' पहिली होती. पण जिने काढली तिला आमच्याकडून एक अक्षर गेलेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला उपाशी ठेवलं होतं, आणि त्यात माझा वाटा मोठा होता.

ताईने ओलं फडकं घेऊन माझ्यावरच्या छत्र्या पुसल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "या आठवड्यात इथे अंक मिळणार नाही. आजच स्वतःचा मागवा. कार्ड भरायला मात्र इथेच या." नात्सुहोने माझा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. त्या काचेने माझे शब्द घरोघरी नेले. पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही. म्हणजे थोडा आला.

बुधवारच्या बोटीने सव्वीस अंक आले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी कार्ड कोण कापून देणार? ताईच. जिने आयुष्यात एक पान दुमडलं नव्हतं, तिने भरभर सव्वीस कार्डं कापली. काकांच्या कार्डावर साबणाचा डाग पडला, एकावर केस चिकटले. गुरुवारच्या बोटीने सगळी गेली.

पण गोष्ट वाचली नाही. तीन आठवड्यांनी शेवटचा भाग आला. निर्णय आधीच झाला असणार, नात्सुहो म्हणाली, भाग कितीतरी आठवडे आधी काढलेले असतात. शेवटच्या पानावर राक्षस होडीत बसतो आणि होडी तरते. ताईने खडू हातात घेतला आणि फक्त लिहिलं, "तरली." कात्र्या काढल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाला गावोगावची माणसं घरी येतात तेव्हा, एक चाळिशीची बाई दुकानात आली. "टोकं कापायचीत फक्त," म्हणाली. ताईने तिचे केस ओले केले, विंचरले आणि एकदम थांबली.

"दोन भोवरे," ताई म्हणाली. "एक डावीकडे, एक उजवीकडे. मी आयुष्यात असं एकच डोकं हाताळलंय. तू मास्तरांची तोवाको!"

"तुम्ही ओळखलंत, काकू?"

बघा! ओळखलं कुणी आधी? मी. दोन वर्षं आधी. पण कौतुक भोवऱ्यांचं.

"मी आभार मानायला आलेय," तोवाको म्हणाली. "एप्रिलमध्ये संपादकांनी मला कार्डांचा गठ्ठा दिला. सव्वीस कार्डं, सगळ्यांवर या बेटाचा शिक्का. एकावर साबण होता. मी वास घेतला आणि मला हे दुकान आठवलं."

नात्सुहोने तोंडावर हात ठेवला. ताई खुर्चीच्या पुढे आली आणि कमरेत वाकली, खूप खाली.

"तुझी गोष्ट पहिल्या भागापासून इथे सगळे वाचत होते गं. आणि मी कार्डं जपून ठेवत बसले. आधी पाठवली असती तर..."

"पहिल्या भागापासून?" तोवाकोचा आवाज बदलला. "काकू, पहिल्या वर्षी मी रोज म्हणायचे, एवढं कुणासाठी काढतेय मी? वाचतंय का कुणी?"

मग ती रडली. ताईही रडली. साबण कुणाच्याच डोळ्यांत गेला नव्हता.

जायच्या आधी ती माझ्यासमोर उभी राहिली. तिने माझ्या तुटक्या कडेवरून हात फिरवला, "अरे, हा शाळेतला," म्हणाली, आणि डाव्या हातात खडू घेतला. एका मिनिटात सीगल उभा राहिला, एक पाय उचललेला. माझ्यावर. कागदावर नाही, काचेवर नाही, माझ्यावर! लिलावातल्या अर्ध्याने हे बघायला हवं होतं. नात्सुहोने लगेच फोटो काढला आणि माझा आनंद थोडा नासला. कारण फोटोतला पक्षी राहणार होता.

ताई पुसायला तयार नव्हती. बुधवार आला, बोट आली, नवा अंक आला, आणि ती फडकं हातात धरून नुसती उभी. तेव्हा काका म्हणाले, "पूस, शिगेनो. जपून ठेवायची हौस फिटली नाही का अजून?"

तिने पुसला. दुखलं मला. मग तिने अंक उघडला, आधी शेवटच्या नंबरवरची गोष्ट वाचली आणि माझ्यावर लिहिलं, "नव्या पोराची गोष्ट, सगळ्यात मागे. चित्रं कच्ची, पण त्यातल्या आजीचा हात कसा काढलाय बघा. चार कात्र्या." आणि लगेच गिऱ्हाइकांचे केस कापायची कात्री उचलून, अंकाचं पान तोडून, कार्ड कापलं.

मित्रांनो, त्या कार्डाचा मला अजून हेवा वाटतो. माझ्यावर लिहिलेलं चार खुर्च्यांपर्यंत पोहोचतं आणि आठवड्यात पुसलं जातं. कार्ड मात्र बोटीत बसून त्या माणसाकडे जातं, ज्याला ते ऐकायची गरज असते. तेव्हा माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. काही आवडलं तर ते ज्याने केलं त्याला कळवा. पान तुटलं तर तुटू द्या.