दादानं न सांगितलेली जागा

नवख्या मुलखात पक्षी बघायला गेलात, तर "इथे पक्षी कुठे दिसतात?" असं कुणालाही विचारू नका. माणसं कबुतरं दाखवतात. सांडपाणी कुठे जातं, गुरं पाणी कुठे पितात, कुठलं झाड फळांनी लगडलंय, हे विचारायचं. मला हे दादानं शिकवलं. मोठा भाऊ म्हणून त्यानं मला दिलेली एवढीच इस्टेट, बाकी सगळा डोक्याला ताप.

मागच्या हिवाळ्यात हा सद्गृहस्थ "तळ्यावर जातो" म्हणून घरातून निघाला आणि परत आलाच नाही. पोलिसांनी तळं पिंजून काढलं, पाणबुडे उतरवले. सापडणार कसा? तो तळ्यावर गेलाच नव्हता. या पक्षीवेड्यांची खोड मला चांगली ठाऊक आहे. झकास जागा सापडली की सख्ख्या बायकोलासुद्धा खरी सांगायची नाही. न जाणो, ती शेजारणीला सांगेल, शेजारीण तिच्या भावाला, आणि रविवारी तिथे दुर्बिणींची जत्रा भरेल.

गेल्या आठवड्यात त्याची स्कूटर सापडली. तळ्याच्या पार उलट दिशेला, एका आडगावातल्या गॅरेजात. पोलीस म्हणाले, बघतो. वहिनी म्हणाली, "त्यांचं बघणं बघितलंय मी. तू चल. त्याचं डोकं कसं चालतं ते तुला कळतं." वर्षभर ती ना धड संसारात होती, ना धड दुःखात. रात्री दाराला कडी घालू देत नव्हती. "मेला असेल तर मेला म्हणून सांग," ती मला म्हणाली, "पण काहीतरी एक सांग."

गॅरेजवाल्यानं ताडपत्री उचलून स्कूटर दाखवली. "पंक्चर होती. दुपारी नेतो म्हणाले, आलेच नाहीत. गिऱ्हाइकाची वस्तू, ठेवली झाकून."

"वर्षभरात तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हणून तर ताडपत्री घातली."

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं मला, पण वहिनीनं माझा दंड धरला होता. कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं. गळ्यात दुर्बीण होती आणि पायी गेले, एवढंच. म्हणजे जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती. इथली पक्ष्यांची सगळ्यात चांगली जागा शोधायची, की दादा तिथे गेलेला असणार.

शेजारच्या टपरीवर चहा घेतला आणि चहावालीला माझे ठरलेले प्रश्न विचारले. बाई बोलकी होती. ओढा सांगितला, उकिरडा सांगितला, गाळानं भरलेलं डबकं सांगितलं. मी ऐकत होते, पण डोळे आभाळाकडे. हरियल, मैना, पोपट, सगळे थवे डोक्यावरून एकाच दिशेला चालले होते. शेतांच्या पलीकडे दाट झाडी दिसत होती, काळपट.

"आणि तिकडे काय आहे?"

"तिकडे काही नाही."

"अहो मावशी, गावातला पक्षी न पक्षी तिकडे चाललाय, आणि काही नाही कसं?"

तिनं फडक्यानं बाकडं पुसायला घेतलं. स्वच्छ होतं तरी पुसत राहिली. "तिथं शीळ वाजते," ती शेवटी म्हणाली. "मागच्या थंडीपासून. माणूस दिसत नाही, नुसती शीळ. आम्ही गुरंसुद्धा नेत नाही. जाल तर जा, ताई, पण ऐकू आली तरी ओ देऊ नका."

वहिनीचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, असल्या गोष्टींना भीक घालू नकोस. चहाचे पैसे दिले आणि शेतांच्या बांधावरून निघालो.

झाडीत शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, आत मात्र थंडगार. पायवाट गवतानं बुजलेली. शेणाचा पो नाही, विडीचं थोटूक नाही. वर फांद्याफांद्यांवर थवेच्या थवे बसलेले, पण एकही आवाज करत नव्हता. पिकलेली फळं तेवढी टपटप पडत होती. इतकी भरलेली आणि इतकी गप्प जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग उजवीकडून शीळ आली. दोन तुटक, एक लांब, शेवटी वर चढणारी.

वहिनीचा हात पर्समध्ये गेला. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचं तिलाही कळलं नव्हतं, ती किल्ली काढत होती. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दादा खालच्या दाराची किल्ली हमखास विसरायचा, आणि खिडकीखाली उभा राहून अशीच शीळ घालायचा. ती वैतागत वरून किल्ली टाकायची. इतक्या वर्षांत त्या शिळेत कधी एका सुराचाही फरक पडला नव्हता.

"तोच आहे," वहिनी म्हणाली आणि धावली. मी तिला मागून धरलं, कारण मला तो दिसला होता. आडव्या फांदीवर बसलेला भृंगराज. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा. याच्यासारखा नकल्या दुसरा नाही. मांजर म्हणू नका, कुऱ्हाड म्हणू नका, जे कानावर सतत पडेल ते उचलतो. त्यानं आमच्याकडे बघून मान वाकडी केली आणि दादाची शीळ पुन्हा घातली.

मी वहिनीला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे हा शिकला," ती म्हणाली. "मग शिकवणारा कुठाय?"

आम्ही आत गेलो. पुढचा भृंगराजही तीच शीळ घालत होता, पण शेवटचा सूर वर चढायच्या आत खाली पडत होता. त्याच्या पुढचा दोनच सूर काढत होता, मध्ये खरखर. मला हळूहळू उलगडलं, आणि उलगडलं नसतं तर फार बरं झालं असतं. जोरात घातलेली शीळ लांबवर जाते, म्हणून कडेच्या पक्ष्यांनी ती धडधाकट उचलली होती. क्षीण शीळ जवळ असणाऱ्यालाच ऐकू येते. आवाज जिकडे जास्त तुटका, तिकडे जायचं होतं. दादा गावातूनही ऐकू जाईल इतक्या जोरानं हाका मारत होता, आणि गाव कान झाकून घरात बसलं होतं.

वेलींच्या जाळ्यात एक पडकी विहीर होती. कठडा नव्हता, एका बाजूची कड ढासळलेली. दुर्बीण डोळ्याला लावून पाऊल टाकायचं नाही, हे मला शंभरदा बजावणारा माणूस वर बघत बघत मागे सरकला असणार. तळाशी पाणी जेमतेम, घोटाभर. त्यात दुर्बिणीचा पट्टा दिसत होता, आणि त्याचं जाकीट. जाकिटात काय होतं ते मी वहिनीला बघू दिलं नाही.

विहिरीवर वाकलेल्या फांदीवर एक भृंगराज बसला होता. त्याची शीळ म्हणजे शीळ नव्हतीच. कोरड्या ओठांतून नुसती हवा जावी, तसा आवाज. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा.

वहिनी खाली बसली. रडली नाही. मातीवर हात फिरवत राहिली. फोनला रेंज नव्हती, माणसं आणायला मला गावात परत जावं लागणार होतं. मी उठले तसा तिनं माझ्या साडीचा पदर धरला.

"तुला यातलं सगळं कळतं," ती म्हणाली. "एक सांग. हे पक्षी किती वेळा ऐकलं की शिकतात?"

मला माहीत होतं. एकदा ऐकून काही होत नाही, दहादा ऐकूनही नाही. दिवसामागून दिवस, सकाळ-संध्याकाळ, तेच तेच कानावर पडावं लागतं.

"एकदा ऐकलं तरी पुरतं," मी म्हटलं.

वहिनीनं मान हलवली आणि माझा पदर सोडला. वरून पुन्हा ती हवा फुंकल्यासारखी शीळ आली. मी गावाकडे चालायला लागले, भरभर, कानांवर हात ठेवून.