सीपीयूतले मोठे मालक

“बोलले! मोठे मालक बोलले!”

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्याचं ऑफिस जेमतेम दहा माणसांचं. त्या दुपारी तिथे चाळीस माणसं कोंबली होती. ज्यांना आत जागा मिळाली नाही ती बाहेरून काचेला नाकं चिकटवून उभी होती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. टेबलावर कॉम्प्युटर, त्याची स्क्रीन काळीकुट्ट, शेजारी सीपीयूचा डबा. आणि डब्यासमोर गाल फुगवून उभे, फुंकर मारून आत्म्यांना बोलतं करणारे फुंकरबाबा.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पेचकस पिशवी छातीशी धरून दारातून आत घुसला, तेव्हा तो डबा तिसऱ्यांदा ओरडत होता. टूं… टूं… टूं. तीन लांब आवाज, मग शांतता.

“ऐकलंत?” कोणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं. “तीनदाच! मालक तीनदाच पत्रा वाजवायचे ना!”

खरंच होतं ते. मशिनांच्या गोंगाटात हाक ऐकू जात नसे, म्हणून मोठे मालक लोखंडी टेबलावर तीनदा पट्टी आपटून काम थांबवायचे. दीड महिन्यापूर्वी ते कटिंग मशिनच्या पात्याखाली सापडून गेले. त्या दिवशी तीन काय, एकदाही पट्टी वाजली नव्हती.

पेचकस म्हणजे गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा तिशीचा माणूस. अंगानं काटकुळा आणि खिशात सदैव पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, म्हणून नाव तेच पडलं. आज सकाळी त्याला वहिनींचा फोन आला होता. वहिनी म्हणजे मोठ्या मालकांची बायको. खोक्यांची सगळी डिझाइनं त्याच काढायच्या, आणि सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणायचा. “अरे, काल तू नवे भाग घालून मशीन दिलंस ना, ते सुरूच होत नाही. स्क्रीन काळी, आणि नुसतं केकाटतंय.” “येतो दुपारी,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

आता त्याला वहिनी दिसल्या.

त्या जमिनीवर गुडघ्यांवर होत्या. दोन कामगारांनी त्यांचे दोन्ही हात पिरगाळून मागे धरले होते. ओठ फाटून हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. त्यांच्या मागे धाकटे मालक, म्हणजे त्यांचे दीर, हातात वेताची छडी घेऊन उभे होते; बाबांना बोलावून आणलं होतं ते त्यांनीच.

“हे विश्वव्यापी विद्युतशक्ती!” फुंकरबाबांनी आवाज लावला. “हे हार्ड डिस्कमध्ये अडकलेल्या जीवा! तुझी फाईल करप्ट झाली, तुझा पासवर्ड फक्त मला ठाऊक! सांग, तुझा घात घरच्याच माणसानं केला ना?” त्यांनी डब्यावर लांबलचक फुंकर मारली. फुंकर संपली, बाबांनी डोळे फिरवले, दोन्ही हात थरथरवले. लोक श्वास रोखून उभे.

टूं… टूं… टूं.

“बाहेरच्या माणसानं केला?” पुन्हा फुंकर. डबा गप्प.

“तुझ्या बायकोनं केला?” फुंकर. थरथर.

टूं… टूं… टूं.

छडी सपकन वहिनींच्या पाठीवर उतरली. ब्लाउज फाटला. “बोल! काय केलंस माझ्या भावाला?” धाकटे मालक ओरडले. “काल नवीन भाग बसवून त्याचा आत्मा पुसायला निघाली होतीस! तरी तो बोललाच!”

“मी काही केलेलं नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता, पण त्यांनी मान खाली घातली नव्हती. “भाऊजी, तुम्हाला माहीत आहे मी काही केलेलं नाही.”

“बोलते ती नव्हे, तिच्या अंगातलं बोलतंय!” बाबांनी निदान केलं. “मार पडल्याशिवाय ते निघायचं नाही. मारा!”

पुन्हा छडी. मग कोणीतरी लाथ घातली. हात पिरगाळून धरणाऱ्या एकानं जोर लावला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. वहिनी किंचाळल्या. त्यांचं उजवं मनगट भलत्याच कोनात लोंबकळत होतं.

 पेचकसला तो आवाज ओळखीचा होता. मनगटाचा नव्हे, डब्याचा. तीन लांब आवाज म्हणजे मेमरी सापडत नाही. मदरबोर्डची ती ठरलेली हाक असते. आणि मेमरी का सापडत नाही, तेही त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. काल त्यानं जुनी मेमरी-पट्टी काढून नवी बसवली, चालू करून बघितली, उत्तम चालली. मग चित्रांसाठीचं नवं लांबलचक ग्राफिक्स कार्ड बसवलं. ते रेटून बसवताना त्याच्या कडेनं मेमरीची खिटी सरकली असणार, आणि पट्टी वर आली असणार. झाकण लावल्यावर एकदा चालू करून बघायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. पण फोन वाजला, दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि त्यानं स्क्रू आवळून पाय काढला.

म्हणजे ज्या आवाजासाठी ही बाई मार खात होती, तो त्याच्या घाईतून निघत होता.

इथे खरं सांगायला हवं. पेचकस एक पाऊल मागे सरला. दार मागेच होतं. चाळीस माणसं, त्यांच्या हातात पुठ्ठा कापायच्या स्टीलच्या पट्ट्या, आणि डोळ्यांत ते पाणी जे रडण्याचं आहे की माथेफिरूपणाचं हे सांगता येत नाही. निसटणं सोपं होतं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

छडी तिसऱ्यांदा वर गेली.

“थांबा!” त्याच्या तोंडून शब्द निघाला तेव्हा तोच दचकला. “मारू नका त्यांना! चूक माझी आहे! मेमरी सैल बसली आहे, मी बसवली, मीच नीट बसवली नाही! त्यात कोणी नाही, आत्मा नाही, काही नाही!”

सगळे वळले. फुंकरबाबा क्षणभर गडबडले, पण ते या धंद्यात मुरलेले होते. “आला!” त्यांनी त्याच्याकडे बोट केलं. “हाच तो साथीदार! यानंच बाईला आत्मा पुसायची पट्टी आणून दिली!”

स्टीलची पट्टी कुठून आली ते पेचकसला दिसलंच नाही. भुवईवर वीज चमकल्यासारखं झालं, डोळ्यात गरम रक्त उतरलं, आणि तो आडवा झाला. बरगड्यांत एक लाथ बसली, मग दुसरी. त्यानं डोकं हातांनी झाकलं आणि माणसांच्या पायांमधून टेबलाखाली सरपटला. लपायला दुसरी जागाच नव्हती.

वर बाबा पुन्हा सुरू झाले होते. “हे विद्युतजीवा, हाच तो साथीदार ना?”

गाल फरशीला टेकलेला असताना पेचकसला दोन गोष्टी ऐकू आल्या. डब्यातल्या पंख्याची घरघर थांबली होती. मग ती पुन्हा सुरू झाली, आणि त्यानंतर दोन श्वासांनी डबा ओरडला. टूं… टूं… टूं. पंखा पुन्हा थांबला.

त्यानं डोळ्यातलं रक्त पुसलं आणि समोर पाहिलं. टेबलाखाली वायरीचा बोर्ड पडला होता. त्याच्या बटणावर एका पायाचा अंगठा होता. जाडजूड, नख वाढलेला. अंगठ्याच्या वर पाय, पायावर भगवी लुंगी, आणि लुंगीच्या वर, बाबांच्या शेजारी टेबलाला खेटून, हात जोडून डोळे मिटून उभा असलेला त्यांचा चेला.

पेचकसला हसू आलं असतं, पण बरगड्या दुखत होत्या. वीज वारंवार जाते म्हणून वहिनींच्याच सांगण्यावरून त्यानं मागे त्या कॉम्प्युटरला एक सोय करून दिली होती: वीज आली की तो आपोआप सुरू व्हायचा. आता चेला अंगठ्यानं वीज सोडत होता, डबा सुरू होत होता, मेमरी सापडली नाही की ओरडत होता, आणि चेला वीज तोडून त्याला गप्प करत होता. मधल्या वेळात बाबा थरथरत होते. उत्तर “नाही” हवं असेल तेव्हा अंगठा स्वस्थ. एवढंच ते अध्यात्म.

त्यानं झेप घेऊन तो पाय दोन्ही हातांनी धरला. चेल्यानं दुसऱ्या पायानं लाथ मारली. पेचकसच्या नाकाचं हाड कडकन वाजलं. त्यानं पाय सोडला नाही. पोटरीत दात रोवले. चेला बोंब ठोकत टेबलाला धरून मागे आपटला, टेबल सरकून तिरकं झालं आणि चाळीस माणसांच्या समोर टेबलाखालचं सगळं उघडं पडलं: बोर्ड, बटण, त्याला बिलगलेला रक्तबंबाळ पेचकस.

त्यानं बटण दाबलं आणि त्यावर तळहात गच्च धरून ठेवला.

टूं… टूं… टूं. क्षणभर शांतता. टूं… टूं… टूं. पुन्हा. आणि पुन्हा.

“विचारा!” तो तुटक्या नाकातून ओरडला. “आता विचारा काय विचारायचं ते! मालकांना विचारा, आज वार कोणता?”

टूं… टूं… टूं.

“दोन आणि दोन पाच होतात का विचारा!”

टूं… टूं… टूं.

 मग खोक्यांना गोंद लावणारी एक बाई, जी मघापासून तोंडावर पदर धरून रडत होती, पुढे झाली. “बाबा लबाड आहेत का हो मालक?” तिनं विचारलं.

टूं… टूं… टूं.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण ते हसू फार टिकलं नाही. फुंकरबाबा दाराकडे सरकले आणि त्यांच्याभोवतीची माणसं एकदम पेटली. जे हात आतापर्यंत वहिनींवर पडत होते तेच बाबांवर पडू लागले. दाढी उपटली गेली. कोणीतरी खुर्ची उचलली. बाबा “माझी फुंकर, माझी फुंकर” असं काहीतरी बरळत होते, कारण समोरचे दोन दात पडल्यानं त्यांना फुंकर धड मारता येत नव्हती.

“पुरे!”

वहिनी उठून उभ्या होत्या. डाव्या हातानं उजवं मनगट छातीशी धरलेलं, पाठीवरचं कापड रक्तानं चिकटलेलं. “खुर्ची खाली ठेव,” त्या म्हणाल्या. “मला मारताना तुम्हाला खात्री होती. आता यांना मारतानाही तेवढीच खात्री आहे. ती खात्री येते कुठून, ते आधी सांगा मला कोणीतरी.”

खुर्ची खाली आली. दोघांनी बाबांना आणि चेल्याला कोपऱ्यात बसवून दार लावून घेतलं. कोणीतरी पोलिसांना फोन केला.

पेचकस भिंतीला धरून उठला. बोर्डाची वायर उपसून त्यानं डब्याचे स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. मेमरीची हिरवी पट्टी एका टोकाला नखभर वर आली होती. “बघा. एवढंच.” त्यानं कार्ड थोडं सरकवलं, पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टिक. खिटी बसली. वीज दिली. पंखा फिरला, यावेळी एकच छोटा आवाज आला आणि स्क्रीन उजळली. वहिनींनी डाव्या हाताच्या एका बोटानं पासवर्ड टाइप केला.

“मी काल हे बघून जायला हवं होतं,” पेचकस खालच्या मानेनं म्हणाला.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “बघून जायला हवं होतं.” त्यांनी त्याला माफ वगैरे केलं नाही.

तेव्हा मागून कटिंग मशीनवरचे मामा पुढे आले. साठीचा माणूस, दीड महिना कोणाशी धड बोलला नव्हता. “त्यानं स्वतःची चूक सांगितली,” मामा पेचकसकडे बघत म्हणाले. “मग माझीही ऐका. पात्यापुढची जाळी मी काढली होती. हात आत गेला की मशीन बंद पडायचं ते त्या जाळीमुळेच. धाकटे मालक म्हणाले, जाळीनं काम रेंगाळतं, काढून टाक. मी काढली. मोठ्या मालकांना माहीत नव्हतं. ते अडकलेला पुठ्ठा ओढायला गेले.”

धाकटे मालक छडी उगारून मामांवर धावले. “म्हाताऱ्या, जीभ छाटीन तुझी!” छडी मामांच्या कानावर बसली, कान फाटला. पण दुसरा फटका पडायच्या आत ज्या कामगारानं वहिनींचा हात पिरगाळला होता त्यानंच धाकट्या मालकांची कंबर धरली आणि त्यांना जमिनीवर दाबून ठेवलं. मारलं नाही. पोलीस येईपर्यंत नुसतं दाबून ठेवलं, आणि तो स्वतः हमसून हमसून रडत होता.

बाबा तुरुंगात गेले, धाकटे मालक गेले, मामांनीही जबानी देऊन जे वाट्याला आलं ते घेतलं. सहा कामगारांविरुद्धची फिर्याद वहिनींनी मागे घेतली नाही. “सगळे रडतात,” त्या म्हणाल्या. “रडण्यानं मनगट जुळत नाही.”

कारखाना पुन्हा उघडला त्या सकाळी त्यांनी पेचकसला बोलावून घेतलं. त्याच्या भुवईवर सात टाके होते, नाक कायमचं वाकडं झालं होतं. ऑफिसात टेबलावर तोच डबा, झाकण काढलेला. उरलेले कामगार रांगेत उभे.

“प्रत्येकाला करून बघू दे,” वहिनी म्हणाल्या.

मग एकेक जण पुढे आला. पेचकसनं शिकवलं तसं आधी वायर काढून मेमरीची पट्टी उपसली, वीज दिली. डबा ओरडला. पहिले दोघे आवाज ऐकून मागे सरले. वीज बंद केली, पट्टी दाबून बसवली, पुन्हा वीज दिली. स्क्रीन उजळली. गोंद लावणाऱ्या बाईनं तर दोनदा करून बघितलं. “इतकुसं?” ती म्हणाली. “या इतकुशासाठी?”

“इतकुसंच असतं,” वहिनी म्हणाल्या. प्लास्टरमधला हात त्यांनी टेबलावर ठेवला. “माझा नवरा या डब्यात नाही. तो गेला, आणि का गेला ते जाळी कुठे आहे असं पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर कळलं असतं. आपण विचारलं नाही. कारण जाळीची चौकशी केली तर मालकाला राग येतो, आणि आत्म्याची केली तर कोणालाच येत नाही. यापुढे या कारखान्यात काहीही बंद पडलं, काहीही ओरडलं, कोणीही मेलं, तर आधी झाकण उघडायचं आणि आत बघायचं. बघता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवायचं. आणि तोपर्यंत कोणाच्याही अंगावर हात टाकायचा नाही.”

 रांगेतला पुढचा माणूस टेबलाशी आला, आधी त्यानं वायर काढली आहे ना ते तपासलं, आणि मग डब्यात हात घातला.