आणखी अर्धा फेरा

मी एक जुना बोल्ट आहे आणि मला डोके नाही. हसू नका, मित्रांनो. डोके नसताना भरपूर बोलणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. पण मी जन्मापासून असा नव्हतो. मलाही चांगले सहा बाजूंचे, चकचकीत डोके होते. ते कसे गेले आणि उरलेला मी चार दिवस इंजिनात कसा अडकून पडलो, हे सांगायला आज मी मोकळा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या तारेचा तुकडा घेतला, टोकावर एक दणका दिला की डोके तयार. मग दोन पट्ट्यांमध्ये लोळवून अंगावर आटे पाडले. माझ्यासारखे तासाला हजारो निघत, त्यामुळे लाडाकोडाची सवय मला कधीच नव्हती. माझी नेमणूक एका लहानशा पांढऱ्या मोटारीत झाली. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. तिथून गरम पाणी रेडिएटरकडे निवायला जाते, त्या वाटेवर एक छोटे झाकण असते. ते झाकण घट्ट दाबून धरायचे, एवढेच माझे काम. दुसऱ्या बाजूने माझा जुळा भाऊ तेच करी. बारा वर्षे आम्ही धरून बसलो आणि कोणी शाबास म्हटले नाही. आमची तक्रारही नव्हती, कारण बोल्टकडे कोणी बघत नाही तोवर सगळे ठीक चालले आहे असे समजावे.

एक गोष्ट मात्र आतल्या आत बिघडत होती. मी पोलादाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. आम्हा दोघांच्या मध्ये थोडे पाणी झिरपले आणि तिथे पांढरा भुगा साचू लागला. वर्षानुवर्षे तो साचत गेला आणि आम्ही एकमेकांना असे चिकटलो की विचारू नका. वरून पाहणाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

गाडी एका नर्सबाईंची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या जखमा धुवत, पट्ट्या बदलत. रोज सहा घरे. त्यांपैकी पाच गावातच होती आणि सहावे दूर चढावर, एका आजोबांचे. आजोबा वर्षभर पडून होते आणि त्यांच्या पाठीला मोठी जखम झाली होती. दोन महिने रोज धुऊन बाईंनी ती भरत आणली होती. आता एक दिवसही खाडा नको, असे त्या आजोबांच्या सुनेला बजावत, आणि त्याहून जास्त स्वतःला.

बाईंचे यजमान नळ दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना नळवाले म्हणत. हाताने मोठे जोरकस. त्यांनी हात लावलेला नळ पुन्हा गळत नसे. फक्त घरातल्या बरणीचे झाकण त्यांनी लावले, की ते उघडायलाही त्यांनाच हाक मारावी लागे.

एका रविवारी दुपारी बाई झोपल्या होत्या. नळवाल्यांना गाडीखाली पाण्याचे चार थेंब दिसले. खरे तर झाकणाखालचे पॅकिंग जुने झाले होते, ते बदलायला हवे होते. पण नळवाल्यांच्या हिशेबी गळती म्हणजे ढिलाई, आणि ढिलाईवर इलाज एकच. बायको उठायच्या आत काम करून टाकू, तिला बरे वाटेल, असा त्यांचा विचार. मनाने माणूस सोन्यासारखा. त्यांनी पाना लावला आणि मला अर्धा फेरा आवळले. थेंब थांबला नाही. आणखी अर्धा फेरा. तरी थांबेना. मग त्यांनी पान्याच्या दांडीवर हातभर लांब पाइप चढवला. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. टक् असा आवाज झाला आणि माझे डोके त्यांच्या पान्यात राहिले. मी, धड, आतच.

नळवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. आता सांगावे की नाही? अति तिथे माती म्हणतात, पण खरी माती त्यांनी यानंतर केली. फुटक्या पाइपाला लावायची पुट्टी त्यांनी मळली आणि माझे डोके जागच्या जागी चिकटवून टाकले. बघणाऱ्याला वाटावे, काही झालेच नाही. उरलेली पुट्टी झाकणाच्या कडेला लिंपली, तशी गळतीही थांबली. बाई उठल्या की सांगू, असे त्यांनी ठरवले. संध्याकाळी त्या दमलेल्या दिसल्या, म्हणून उद्या सांगू असे ठरवले. सोमवारही तसाच गेला.

मंगळवारी अर्ध्या चढावर पुट्टीने हात टेकले. वाफेचा लोट उठला आणि उष्णता दाखवणारा काटा लाल खुणेकडे सरकू लागला. बाईंनी तत्क्षणी गाडी बंद केली, म्हणून इंजिन वाचले. आजोबांचे घर तिथून दीड कोस होते.

गाडी ओढून उद्यामिस्त्रींकडे आणली, तसे नळवालेही तिथे धावत आले. कोणतेही काम घेतले की ते उद्या या म्हणत, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिले होते. त्यांनी माझे डोके दोन बोटांनी अलगद उचलले आणि हे कोणी चिकटवले, असे विचारले. बाईंनी ती पुट्टी लगेच ओळखली. त्यांच्या मोरीच्या पाइपाला तीच होती. त्या नळवाल्यांकडे बघत राहिल्या.

"मीच," नळवाले म्हणाले. "रविवारी तुटला. तुला सांगणार होतो."

"रविवारी सांगितलं असतं तर मी दुसरी गाडी मागून घेतली असती," बाई म्हणाल्या. "आजोबा तिकडे वाट बघतायत."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर नळवाल्यांना सोपे गेले असते.

उद्यामिस्त्रींनी मग खरी भीती सांगितली. मला काढताना ड्रिल जरा जरी घसरले, तर ते पोलाद सोडून मऊ अ‍ॅल्युमिनियम खाणार आणि हेड बाद होणार. या जुन्या गाडीचे हेड आता कुठे मिळत नाही. म्हणजे गाडी भंगारात. नळवाले म्हणाले, उलट्या आट्यांचे हत्यार आत ठोकू, मी जोर लावतो. मिस्त्रींनी मान हलवली. ते हत्यार माझ्याहून कडक. तेच आत तुटले तर ड्रिलही चालणार नाही. आणि तुमच्या जोराचे काय होते ते आपण पाहिलेच आहे, असेही ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याभोवती पातळ तेलाचे थेंब सोडले आणि म्हणाले, उद्या या.

बुधवारी बाईंनी पाच घरे पायी केली. चढावर दिवसातून एकच बस जाई आणि संध्याकाळी परते. त्या बसने गेल्या असत्या तर बाकी पाच जण राहिले असते. त्यांनी आजोबांच्या सुनेला फोनवरून पट्टी कशी बदलायची ते सांगितले. सून घाबरत घाबरत हो म्हणाली. इकडे मिस्त्री मला थोडे गरम करत आणि पुन्हा तेल पाजत. ते तेल आटे-आटे करून खाली उतरताना मला कळत होते. गावाने ज्या 'उद्या'ची थट्टा केली, त्याचे मोल मला तेव्हा समजले.

गुरुवारी सकाळी मिस्त्रींनी माझ्या तुटक्या टोकावर एक नट ठेवला आणि तो वेल्डिंगने मला जोडला. पाना लावताच तो नट निखळून खाली पडला. नळवाल्यांनी डोळे मिटले. मिस्त्रींनी टोक घासून साफ केले, दुसरा नट जोडला आणि या वेळी हात लावता येईल इतका निवू दिला. मग पाना. आधी किंचित पुढे, मग किंचित मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आतून बारीक करकर ऐकू आली. तो पांढरा भुगा सुटत होता. आणि मग, मित्रांनो, मी फिरलो. बारा वर्षांनी पहिल्यांदा मी उलटा फिरलो आणि आटा-आटा करत वर आलो. इतके हलके मला जन्मात वाटले नव्हते.

मिस्त्रींनी बॅटरी धरून भोकात पाहिले आणि म्हणाले, "हेडचे आटे शाबूत आहेत."

बाई तिथल्या टायरवर मटकन बसल्या आणि हुश्श म्हणाल्या. नळवाल्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. नवे पॅकिंग आले, माझ्या भावाची न् माझी जागा दोन नव्या बोल्टांनी घेतली, आणि काटा मधोमध स्थिर राहिला. नळवाल्यांनी मला शर्टाच्या खिशात टाकले आणि बाजूला उभे राहिले.

"चला, बसा," बाई म्हणाल्या. "आजोबांना कुशीवर धरायला कुणीतरी लागतं."

चढावरच्या त्या खोलीत मी खिशातूनच सगळे ऐकले. नळवाल्यांची छाती धडधडत होती. "किती घट्ट धरू?" त्यांनी विचारले.

"पडणार नाहीत एवढंच."

पट्टी सुटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "जखम उघडली नाही. कडा लाल आहेत, पण उघडली नाही." छातीची धडधड हळूहळू कमी झाली. आजोबा मात्र कुरकुरले, की काल सुनेने पट्टी बांधली नाही, पोते शिवले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. एखादी वस्तू जपायची म्हणून ती आवळत बसू नका. किती पुरे ते जाणत्याला विचारा. आणि तुमच्या हातून काही तुटले तर त्याच दिवशी सांगा. मी आता नळवाल्यांच्या खिडकीत असतो. काल ओट्यावर त्यांच्या हातून कप फुटला. त्यांनी जागेवरूनच हाक मारून सांगितले, "अगं, माझ्या हातून कप फुटला."

आतून बाईंचा आवाज आला, "हात कापला नाही ना?"

एवढेच. एवढ्याला घाबरून त्यांनी माझे डोके चिकटवून ठेवले होते.