सरजाबाईची शिडी

मागच्या मार्चात ज्ञानोबा चिंचेवरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर ते काठीवर चालू लागले, पण यंदा चिंचा वाळून खुळखुळायला लागल्या तसं त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "तिन्ही झाडं तोडायला देतो. मला चढणं होत न्हाई, अन् दुसऱ्याचं लेकरू मी वर चढवणार न्हाई."

"मी काढते चिंचा," सरजाबाई म्हणाली.

"तू झाडावर चढणार?"

"झाडावर न्हाई, शिडीवर. आठ दिवस थांबा."

दुसऱ्या दिवशी चाकूरहून एसटी धरून ती लातूरला गेली. शिड्यांच्या दुकानात म्हातारे माणिकप्पा बसले होते. सरजाबाईनं चार पायांच्या घोडा शिडीवर बोट ठेवलं. "ही तर आपोआप उभी राहती की."

"फरशीवर राहती. पंखे पुसायला बेस हाय. रानात चारी पाय सारखे कुठं टेकतात?"

नळीत नळी सरकून बॅगेएवढी होणारी शिडी त्यांनी स्वतःच बाजूला सारली. तिच्या खटक्यात माती गेली की कामच संपलं, म्हणाले. मग एकावर एक सरकणारी, दोन भागांची लांब शिडी भिंतीला लावली. सरजाबाईनं टोक उचलून पाहिलं.

"लई हलकी हाय. माझा भार पेलंल का?"

"अल्युमिनियम हाय, बाई. दीडशे किलो पेलतं. गंज न्हाई, भुंगा न्हाई." तेवढ्यात त्यांनी विचारलं, "झाडाजवळून लाईटची तार जाती का?"

"एका झाडाजवळून जाती. त्यालाच लई चिंचा लागल्यात."

माणिकप्पांचा आवाज बदलला. "मग त्या झाडाखाली ही न्यायचीसुद्धा न्हाई. यातून करंट सरळ अंगात येतो. फायबरच्या शिडीतून येत न्हाई, पण तार चालू असताना तीसुद्धा जवळ न्यायची न्हाई. फांदीतून, चिंचा पाडायच्या आकड्यातूनबी धक्का बसतो."

तीच अल्युमिनियमची शिडी टेम्पोतून गावात आली. शेजारची सिंधु मदतीला आली. दोघींनी ती पहिल्या झाडाला लावली. बांधालगत पाणी दिलेलं रान होतं; सरजाबाई तिसऱ्या पायरीवर गेली आणि एक पाय मातीत रुतला. शिडी कलली. सरजाबाई उडी मारून खाली आली. नवरा पडला तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

सिंधु म्हणाली, "राहू दे, वैनी."

सरजाबाईनं घरातून जुन्या दाराची फळी आणली, शिडीच्या पायांखाली घातली आणि शिडीचं वरचं टोक फांदीला दोरानं बांधून टाकलं. बांधायला ती स्वतःच वर गेली, सिंधुनं खाली धरून ठेवलं. मग आकड्याच्या काठीनं फांद्या हलवल्या तशा चिंचा सडासडा पडल्या. दोन दिवसांत दोन झाडं मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानोबा काठी टेकत आले आणि दोन्ही हातांनी शिडीचा पाय धरून बसले.

तिसरं झाड तारेजवळचं. सिंधु म्हणाली, "अलीकडून लावू. तार लांब हाय."

"एक पाऊलबी न्हाई," सरजाबाई म्हणाली.

ती चाकूरच्या वीज ऑफिसात गेली. साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण अर्ज पाहिजे म्हणाले. तिनं तिथंच बाकावर बसून, एका पोराकडून पेन मागून, अर्ज लिहिला. तिसऱ्या दिवशी ती ऑफिस उघडायच्या आधी दारात उभी होती. शेवटी मंगळवारी दहा ते बारा लाईन बंद ठेवायचं ठरलं.

मंगळवारी वायरमन हरिओम आला. लाईन बंद करून, तारेला अर्थिंग लावून त्यानं हाक दिली, "आता चढा, मावशी." तारेकडची बाजू आधी उरकायची, असं सरजाबाईनं ठरवलं होतं. पोती भरत गेली. बाराला दहा मिनिटं कमी असताना हरिओमनं खालून वेळ सांगितली. वरची एक फांदी अजून लगडलेली होती.

"पाच मिनिटांत होतंय," सिंधु म्हणाली.

"बाराला लाईन सुरू करावीच लागंल," हरिओमनं घड्याळ पाहिलं.

सरजाबाई उतरली. दोर सोडला, शिडीचे दोन्ही भाग एकमेकांवर सरकवले आणि सिंधुसोबत ती उचलून बांधावर, तारेपासून दूर नेऊन ठेवली. मग हरिओमला म्हणाली, "सोडा लाईन."

ज्ञानोबांनी फांदीकडे पाहिलं. "तेवढ्या राहू दे," ते म्हणाले. "पाखरं खातील." आणि ते पोत्यांची तोंडं शिवायला बसले.