येऊ द्या, येऊ द्या

इंजिन साखळीला टांगून बाहेर काढलं, तेव्हा काका म्हणाले, "पायरी कधी लावणार?"

मी घामाघूम झालो होतो. "काका, गाडीचं काळीज हवेत लटकतंय आणि तुम्हाला पायरीचं पडलंय?"

"लावशील ना पण? माझ्या शेजारच्या दाराखाली. रुंद लाव. पाऊल अख्खं मावलं पाहिजे."

"पायरीने गाडी पळत नाही."

"पळवायला कोण सांगतंय तुला? चढली पाहिजे. सरळ."

हे 'सरळ' कुणा परक्याला कळायचं नाही. आमच्याकडे या माणसाला सगळे उलटे काका म्हणतात. स्वभावाने म्हणाल, तर त्यांच्याइतका सरळ माणूस शोधून सापडणार नाही. नाव पडलं ते पिकअपमुळे.

पिकअप त्यांनी घेतली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. त्यालाही सव्वीस वर्षं झाली. सिमेंट, पत्रे, धान्याची पोती, कुणाचं कपाट, असं जे मिळेल ते टेकडीवरच्या वस्तीत पोचवायचं, हा धंदा. रस्ता तसा बरा आहे, फक्त शेवटचा चढ वाईट. तीनशे पावलांचाच, पण असा उभा, की भरलेली पिकअप पहिल्या गिअरमध्येही धापा टाकत मध्येच बंद पडायची. आता या जुन्या गाड्यांत रिव्हर्सला पहिल्यापेक्षा जोर जास्त असतो, वेग कमी. काकांनी ते हेरलं. चढाखालच्या सपाटीवर गाडी फिरवायची, शेपूट टेकडीकडे करायचं आणि तीनशे पावलं उलटं चढायचं. वस्तीतल्या लोकांनी सव्वीस वर्षांत ती गाडी येताना कधी समोरून पाहिली नव्हती.

मागे मालाची थप्पी लागलेली, त्यामुळे आरशात पोती सोडून काही दिसत नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला मोकळी दरी. म्हणून काकू खाली उतरायच्या. एका हातात लाकडी ठोकळा, गाडी घसरलीच तर चाकाखाली सारायला. दुसरा हात वर. गाडीच्या मागे, म्हणजे चढावर पुढे, पाठमोऱ्या चालत त्या ओरडायच्या, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे... डावीकडे हो! कान कुठे ठेवलेत?"

नवऱ्याला चारचौघांत असं बोलायची मुभा काकूंना त्या तीनशे पावलांपुरतीच होती आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. मी एकदा गंमत म्हणून काकांच्या शेजारी बसून गेलो होतो. काका आरशाकडे बघतच नव्हते. समोर खाली जाणाऱ्या रस्त्याकडे नजर, आणि मागच्या आवाजावर स्टिअरिंग.

मग काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ-उतार बंद करायला सांगितलं. काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी हातात काठी घेऊन गाडीत बसल्या. तीन महिने तसेच काढले. आणि एके दिवशी सकाळी मी शटर वर केलं, तर काका बाहेर उभे. तोंड पांढरंफटक.

"काल अर्ध्या चढात तिचा आवाज बंद झाला," ते म्हणाले. "म्हणून ब्रेक दाबला. उतरून मागे गेलो, तर ही रस्त्यावर बसलेली, गुडघा धरून. मागच्या चाकापासून एवढ्यावर." त्यांनी दोन हातांत अंतर दाखवलं. वीतभर असेल. "मिस्त्री, गाडी सरळ चढली पाहिजे. ती माझ्या शेजारी बसून वर गेली पाहिजे. काय करायचं ते कर."

मला असली कामं आवडतात. रोज तेल बदलून आणि पंक्चर काढून जीव विटतो. मी तीन आठवडे दुसरं काही हातात घेतलं नाही. सिलिंडर झिजून अंडाकृती झाले होते, ते नव्याने कापून मोठे केले, मोठे पिस्टन घातले. मोडीत निघालेल्या एका व्हॅनचा टर्बो आणून बसवला. तो इंजिनात जादा हवा दाबून भरतो, मग जादा डिझेल पचतं. क्लच नवा, सायलेन्सरचा पाइप रुंद, रेडिएटर दुप्पट जाड. ब्रेकही बदलले, कारण वर गेलेली गाडी खालीही यायची असते. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा एवढा काळा धूर निघाला, की शेजारच्या शिंप्याने दुकानाचं दार लावून घेतलं. डिझेल मीच जास्त सोडलं होतं. पंप पुन्हा उघडला. सगळ्यात शेवटी पायरी लावली, रुंद, वर खरखरीत पत्रा.

काका रोज तेलाच्या उलट्या डब्यावर बसून बघायचे. काकू एकदाच आल्या. गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली.

"एका दमात जाईल?" त्यांनी विचारलं.

"एका दमात, काकू. सरळ. दुसऱ्या गिअरमध्ये गेली तरी नवल नाही."

"आणि मी?"

"तुम्ही आत बसायचं. महाराणीसारखं."

"बसून करू काय?"

मी हसलो, त्याही हसल्या. मला वाटलं, गंमत करताहेत. इंजिनातला बारीकसा खडखडाट मी रस्त्यापलीकडून ओळखतो, पण समोर उभ्या असलेल्या बाईचं बोलणं मला ओळखता आलं नाही.

चाचणीला सिमेंटची पोती भरली. काकू पायरीवरून आत बसल्या, मी मागे पोत्यांवर. चढाखालच्या सपाटीवर काकांनी सवयीने गाडी फिरवायला घेतली. मी टपावर थाप मारली, "काका, सरळ!" त्यांनी चाक पुन्हा सरळ केलं. टर्बोने शीळ घातली आणि गाडी निघाली. काय सांगू, मला पोत्यांवर धरून बसावं लागलं. अर्ध्या मिनिटात आम्ही वर. वस्तीतला दुकानदार बाहेर धावत आला.

"काका, आज तोंड दाखवलंत!"

लोक जमले, बॉनेट उघडायला लावलं, माझ्या पाठीवर थापा पडल्या. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. काकू पायरीवरून उतरल्या. त्यांच्या हातात तो लाकडी ठोकळा होता. सगळा रस्ता मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हँडब्रेक करकचून ओढलेला असतानाही त्यांनी तो वाकून चाकाखाली सारला.

"काकू, आता तुम्हाला आराम," दुकानदार म्हणाला.

"हो ना," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी काका गॅरेजवर आले. इंजिनात आवाज येतो म्हणाले. मी चालू करून ऐकलं, पाना कानाला लावून ऐकलं. इंजिन घड्याळासारखं चालू होतं.

"काही नाही, काका."

ते डब्यावर बसले.

"येत नाही ती आता," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही जा म्हणते. मी म्हटलं, अगं, पायरी केलीये तुझ्यासाठी. तर म्हणते, पोती चढवता-उतरवता, त्यात मी एक आणखी. मी काय माल आहे?"

मी पाना पुसून खिशात घातला.

"घरात बसून असते. बोलत नाही. डोळ्यांसमोर सुकत चाललीये रे ती." ते पायाखालच्या तेलाच्या डागाकडे बघत होते. "मिस्त्री, ताकद थोडी कमी करता येईल का?"

मी भडकलो. तीन आठवडे हाडांची काडं केली ती यासाठी? तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, टर्बो काढून देतो, मग पुन्हा घाला त्यांना चाकाखाली. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि गाडी घेऊन गेले. ते गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. एवढं इंजिन उघडून बघितलं होतं मी, आणि ती गाडी इतकी वर्षं कशावर चढत होती, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नवीन इंजिनाचे हेडचे बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात. ते निमित्त करून मी दोन दिवसांनी दुपारी त्यांच्या घरी गेलो. काका अजून आले नव्हते. काकूंनी पाणी दिलं आणि आत जाऊन बसल्या. मी पाना घेऊन फाटकापाशी थांबलो.

त्यांचं फाटक एवढं रुंद आहे, की दोन पिकअप शेजारी शेजारी आत जातील. काका सव्वीस वर्षं तोंड पुढे करून सरळ आत येतात. त्या दिवशी ते रिकामी गाडी घेऊन आले, फाटकाबाहेर थांबले, रस्त्यावर गाडी फिरवली, शेपूट अंगणाकडे केलं आणि हॉर्न दिला.

"काय झालं?" आतून आवाज.

"मागचं दिसत नाहीये."

"आरसे कशाला लावलेत?"

"आरशात काही दिसत नाही."

गाडीत एक पोतं नव्हतं. मी तिथेच उभा होतो. एक हाक घालणं मला काही जड नव्हतं. मी दोन पावलं मागे सरलो.

काकू भिंतीला धरून दारात आल्या. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या खुर्चीत बसल्या.

"या," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "येऊ द्या. येऊ द्या... डावीकडे."

काकांनी चाक उजवीकडे फिरवलं. बंपर फाटकाच्या खांबाला घासला. मी नुकताच रंगवलेला बंपर.

"डावीकडे म्हणतेय ना! कान कुठे ठेवलेत?" काकू खुर्चीतून उठल्या. गुडघ्यावर एक हात दाबून तीन-चार पावलं पुढे आल्या आणि दुसरा हात वर केला. "आता सरळ. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"

गाडी थांबली. काकांनी इंजिन बंद केलं, पण ते खाली उतरले नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर रस्त्याकडे बघत राहिले.

ठोकळा दाराशेजारी भिंतीला टेकवलेला होता. काकूंनी माझ्याकडे हात पुढे केला, मी तो उचलून दिला. त्या हळूहळू वाकल्या आणि त्यांनी तो मागच्या चाकाखाली नीट सारून बसवला. अंगण सपाट होतं.