औसेपच्चनांना थांबवणारी

या, जरा जवळ सरकून बसा. प्रभूचं नाव घ्या आणि ऐका. आमच्या केरळातल्या पालाईच्या चर्चमागे, नर्सांना इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासात औसेपच्चन मरायला टेकले होते, आणि समोर त्रेस्या नर्स हात जोडून ऐकत होती.

हे मरण खोटं, बरं का. परीक्षेत नर्सने खोट्या रोग्याशी इंग्रजीत बोलायचं असतं, त्याचा हा सराव, आणि रोगी औसेपच्चन. आमचे औसेपच्चन म्हणजे पेरुन्नाळच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, मांडवात संतांच्या कथा गाऊन सांगणारे. मी त्यांचा पेटीवाला. रोग्याला मिळणाऱ्या चिठ्ठीवर 'गुडघा दुखतो' एवढंच असलं तरी ते आधी गुडघ्याचं बालपण सांगत, मग एक कडवं गात. तोवर वेळ संपल्याची घंटा होई.

"अगं, मध्ये बोल की," लिसम्मा टीचर वैतागल्या. "उद्या परीक्षा. यंदाही नापास झालीस तर आयर्लंडची नोकरी गेली."

"अप्पच्चनना, आजोबांच्या वयाच्या माणसाला, मध्येच तोडू? आई पायताण काढेल, टीचर."

औसेपच्चन हसले. "पोरी, मांडवातली वीज गेली तरी मी थांबलो नाही. मला थांबवलंस, की तिकडचे म्हातारे काय चीज आहेत?"

नवी चिठ्ठी आली. छातीत कळ, घरी बायको. कळ निघाली ती थेट नोहाच्या तारवापर्यंत गेली. सूर चढला, माझी बोटं सवयीने टेबलावर धावू लागली. तेवढ्यात त्रेस्याने डोळे घट्ट मिटून हात वर केला आणि इंग्रजीत म्हणाली, "माफ करा अप्पच्चन, तुम्हाला इथे थांबवते. घरी तुमच्याजवळ कोण असतं?"

सूर तुटला. इतक्या वर्षांत तो मीही तोडला नव्हता.

उत्तर चिठ्ठीवर होतंच. पण त्यांची बायको मरियाकुट्टी जाऊन वर्ष होत आलं होतं. औसेपच्चनांनी चिठ्ठी पालथी ठेवली.

"कुणी नाही."

त्रेस्याने डोळे उघडले. "मग जेवता काय?"

"कालचा कप्पा उरलाय, उकडलेला कंद."

घंटा झाली. कुणी उठलं नाही.

त्रेस्या पास होऊन गेली. औसेपच्चन पुढेही नव्या पोरींसाठी मरत राहिले, आणि एका नाताळाआधी खरंच गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्या. वर मरियाकुट्टी ऐकायला बसली असेल. तिथे तरी त्यांना कुणी मध्येच तोडू नये, एवढं माझ्यातर्फे मागा.